मध्यंतरातलं वजन

सत्काराला मी आता नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणण्यातही बरीच शक्ती जाते. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा आणि ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या महिला वेटलिफ्टर’ हे शब्द खाली मान घालून ऐकायचे. पूर्वी मी उठून दुरुस्ती करायची. हल्ली करत नाही. निवेदिका बिचारी हौसेनं पाठ करून आलेली असते, तिचा हिरमोड कशाला करायचा? पण दिवाळी अंकात लिहायचंच आहे तर इथं एकदाचं सांगून टाकते. मी कुठल्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेले नाही. आमच्या वेळी बायकांसाठी आंतरराष्ट्रीय सोडाच, कलकत्त्याच्या एखाद्या गल्लीतलीसुद्धा स्पर्धा नव्हती. एका परदेशी संघाचा आणि आपल्या मुलांचा सामना होता. त्याच्या मध्यंतरात, प्रेक्षक चहासाठी उठत असताना, मी एकदा वजन उचललं. माझी आंतरराष्ट्रीय कारकीर्द ती एवढी.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘तुम्ही किती किलो उचलायचात?’ आकडा मी सांगत नाही. लोकांना तो विनय वाटतो. विनयाचा काही संबंध नाही. आमच्या खेळात जे वजन तीन पंचांनी पाहून मान्य केलं, तेवढंच उचललं असं धरतात. बाकी तालमीत, अंगणात, मांडवात जे काही होतं ते गप्पांत जमा. मी आयुष्यभर जे उचललं ते सगळं गप्पांतलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लोखंडी दांड्याला, म्हणजे बारला, दोन्हीकडे लोखंडी चकत्या चढवतात. तो जमिनीवरून उचलून डोक्यावर न्यायचा. आमच्या सुरुवातीला असं उचलण्याचे तीन प्रकार होते, सत्तरच्या दशकात त्यातला एक काढून टाकला आणि दोन उरले. एकात बार एका झटक्यात थेट वर जातो. दुसऱ्यात आधी खांद्यापर्यंत घ्यायचा, तिथं श्वास घ्यायचा आणि मग वर फेकायचा. माझा हात या दुसऱ्या प्रकारात बसलेला होता. पण वर नेलं म्हणजे झालं असं नाही. बार डोक्यावर स्थिर धरायचा, पाय एका रेषेत आणायचे आणि समोर बसलेल्या मुख्य पंचानं हात खाली करेपर्यंत थांबायचं. त्याच्या इशाऱ्याआधी बार खाली टाकलात तर सगळं वाया. मग तिन्ही पंच आपापला दिवा लावतात, पांढरा किंवा लाल. दोन पांढरे लागले तर मान्य. दोन लाल लागले तर बाद.

मुलांच्या सामन्यांना मी हे दिवे खूप पाहिले. पोरं वजन ठेवल्याबरोबर मान वळवून फळ्याकडे बघायची. तेव्हाचे त्यांचे चेहरे मला घरी आल्यावरही दिसत राहायचे. मला जन्मात एकदा, एकदाच, तसं वळून बघायचं होतं.

बाबा कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात हेडक्लार्क होते. नागपूरहून दोन-चार वर्षांसाठी म्हणून बदली झाली ती कायमचीच. माझा जन्म इथलाच. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, बसमध्ये हिंदी. मी एका मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवत असे. शाळेचा तो विभाग सकाळचा, त्यामुळे दुपार मोकळी. बाबांच्या ऑफिसात निताईदा म्हणून टायपिस्ट होते. काटकुळे, जाड चष्मा, बोटांना कायम शाई. हे गृहस्थ संध्याकाळी बागबाजारात एक व्यायाम समिती चालवतात हे सांगितलं तरी खरं वाटत नसे. कॉलेजात मी गोळाफेक करायची. बाबांनी त्यांना सहज विचारलं की मुलीची ताकद कशी वाढवावी. निताईदांनी समितीची किल्लीच माझ्या हातात ठेवली. दुपारी तिथं कुणी नसायचं. रविवारी ते स्वतः उभे राहून शिकवायचे. सहा महिन्यांत गोळा मागे पडला आणि बार उरला.

बागबाजार म्हणजे जुनं, घट्ट वस्तीचं कलकत्ता. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना अडवायला इथल्या लोकांनी एके काळी जो खंदक खणला तो तिथूनच सुरू व्हायचा. खंदक केव्हाच बुजला, पण भीती बुजली नाही. तिकडे मराठी स्वारांना बर्गी म्हणत, आणि आज्या अजूनही नातवंडांना बर्गी येईल म्हणून झोपवतात. मी पहिल्यांदा समितीचं दार उघडलं तेव्हा समोरच्या ओट्यावरची म्हातारी निताईदांना म्हणाली, ‘‘ओ निताई, शेषे बर्गीके घरे ढोकाली?’’ म्हणजे शेवटी बर्गीला घरात घेतलंस का. निताईदा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘लूट कोरते आशेनि, माशिमा. लोहा तुलते एशेछे.’’ लुटायला नाही आली, लोखंड उचलायला आली आहे. पुढे ही माशिमा, म्हणजे मावशी, मला रोज दुपारी ताक पाठवायची. बर्गीला ताक चालतं का, एवढं विचारायची.

घरी मात्र लढाई होती, आणि ती कपड्यांवरून. आईचं म्हणणं, उचलायचंय तर उचल, पण अंगभर कपडे घालून. लांब विजार तिनं मान्य केली. बाही मात्र मनगटापर्यंत हवी. मी समजावलं की या खेळात पंचाला कोपर दिसावंच लागतं. बार वर जाताना कोपर एका दमात सरळ व्हायला हवं. मधे वाकलं आणि मग जोर लावून ढकललं तर बाद. बाहीत कोपर झाकलं तर पंच बघणार काय?

‘‘तुझ्यासमोर कुठले पंच बसतात?’’ आईनं विचारलं.

‘‘आज नाही बसत. उद्या बसतील.’’

‘‘मग उद्या कापू.’’

आई फटकळ होती, वाईट नव्हती. कधी तरी रात्री तिनं बाह्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या आणि सकाळी सदरा दोरीवर वाळत घातला. लग्नाचंही असंच. नागपूरहून एक स्थळ आलं होतं. मुलाच्या मामांनी विचारलं, ‘‘मुलगी घरकाम करते ना?’’ आई म्हणाली, ‘‘कोळशाचं पोतं वर चढवायला तुम्हाला माणूस लागणार नाही.’’ त्यांचं पत्र काही आलं नाही. आईला वाईट वाटलं. मला वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण तेव्हा मी एवढी थकलेली असायची की वाईट वाटून घ्यायला दुपारच मिळत नसे.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला नक्षलवादी चळवळीमुळे शहर फार बिघडलं होतं. चार पोरं एकत्र दिसली की पोलिसांना संशय यायचा, आणि व्यायाम समिती म्हणजे तर वीस पोरं. एका सकाळी पोलीस आले आणि आमचा एकुलता एक चांगला बार हत्यार म्हणून घेऊन गेले. चकत्या ठेवल्या. निताईदा आणि मी ठाण्यावर गेलो. दारोगा दमलेला होता, आमच्याहून जास्त. म्हणाला, ‘‘हा लोखंडी रॉड आहे. यानं माणूस मरतो.’’ निताईदा म्हणाले, ‘‘नीट उचलला नाही तर उचलणारा मरतो, साहेब.’’ दारोगा हसला नाही. त्यानं विचारलं की हा उचलतं कोण. निताईदांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग ठाण्याच्या अंगणात, जप्त सायकलींच्या ढिगाशेजारी, रिकामा बार मी खांद्यापर्यंत घेतला आणि वर नेला. नुसत्या बारचं काय एवढं, पण दारोगा खुर्ची पुढे सरकवून बघत राहिला. पुन्हा कर म्हणाला. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यानं आतल्या दोघा शिपायांनाही बोलावलं. शेवटी म्हणाला, ‘‘घेऊन जा. पण दोघांनी दोन टोकं धरून न्या, रस्त्यात हत्यार दिसायला नको.’’ आम्ही तो पालखीसारखा खांद्यावर घेऊन निघालो, पुढे निताईदा, मागे मी. लोक वाट सोडून उभे राहत होते. निताईदा मागे न बघता म्हणाले, ‘‘इंदू, आज तुझे तीन पंच झाले.’’ मला ते लागलं.

स्पर्धा नव्हती म्हणून मी प्रदर्शनं करायची. पूजेच्या मांडवात, शाळांच्या संमेलनांत, गिरण्यांमध्ये. गाणं, जादूचे प्रयोग, मग मी. माझ्या नावाच्या मागेपुढे मंडळी वाघीण, दुर्गा, झाशीची राणी, जे सुचेल ते लावायची. कुणी म्हणे अध्यक्षांना खुर्चीसकट उचला. कुणी म्हणे साडी नेसून उचला. अध्यक्षांना मी एकदा उचललं. ते वर गेल्यावर घाबरून माझे केस धरून बसले. त्यानंतर माणसं उचलायची नाहीत असं ठरवलं.

त्यातलं एक प्रदर्शन मात्र मनातून जात नाही. बजबजला एका ज्यूट मिलमध्ये विश्वकर्मा पूजेला आम्हाला बोलावलं होतं. गावाकडून आलेले बिहारी मजूर, पाठीवर ज्यूटच्या गासड्या वाहणारे, अंगणात बसले होते. मी वजन उचललं, ठेवलं, टाळ्या झाल्या. एक वयस्क मजूर उठून पुढे आला. चकत्या पोकळ आहेत का हे तपासायला दर ठिकाणी कुणी ना कुणी यायचं, मला वाटलं हाही त्यातलाच. त्यानं बार धरला, कुणी शिकवलेलं नसूनही गुडघ्याच्या वर आणला आणि तसाच धरून विचारलं, ‘‘रखना कहाँ है, दीदी?’’

‘‘कहीं नहीं. यहीं रख दीजिए.’’

त्यानं हळूच ठेवला. मग जरा विचार करून म्हणाला, ‘‘यहीं रखना था तो उठाया काहे?’’

सगळे हसले. त्याला थट्टा करायची नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. परतीच्या गाडीत मी निताईदांना तोच प्रश्न विचारला. मुलं उचलतात ती निकालासाठी. जिंकोत किंवा हरोत, उचललं की नाही हे ठरवायला समोर तीन माणसं बसलेली असतात. माझं काय? मी उचलते आणि टाळ्या होतात. बार पाडला असता तरी बहुतेक टाळ्याच झाल्या असत्या. निताईदा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, ‘‘थांब थोडी. काही तरी करू.’’

पुढे दोन-तीन हिवाळे गेले. मग बातमी आली की पूर्व युरोपातला एक संघ देशात फिरतीवर आहे आणि कलकत्त्यात आपल्या मुलांशी सामना खेळणार आहे. निताईदांनी आयोजकांच्या कार्यालयात किती चकरा मारल्या ते त्यांनाच ठाऊक. मध्यंतरात माझं प्रदर्शन मंजूर झालं. एकच उचल. मी म्हटलं, प्रदर्शनं पुरे झाली. पंच बसणार असतील तर येते.

सामन्याचे मुख्य पंच सान्यालबाबू. बँकेतून निवृत्त झालेले, धोतराची निरी कधी विस्कटलेली नाही असे. त्यांचा दरारा मोठा. सख्ख्या पुतण्याला त्यांनी एकदा लाल दिवा दाखवला होता आणि त्यावरून घरात वर्षभर अबोला होता म्हणे. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी बसायला सांगितलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘नियमांत बायकांचा गट नाही. वजनगट नाही, विक्रम नाही. मी तुझी उचल कशाशी ताडून बघू?’’

‘‘कशाशीच नको,’’ मी म्हटलं. ‘‘कोपर सरळ झालं की नाही, पाय स्थिर झाले की नाही, एवढंच बघा.’’

‘‘ते काय, सर्कशीतही लोक बघतात.’’

सहज म्हणाले ते. अपमान करायचा हेतू नव्हता, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मी उठले. 

दोन दिवसांनी निताईदा शाळेच्या फाटकाशी उभे. चष्म्यामागे डोळे चमकत होते. ‘‘झालं. मध्यंतरात पंच उठणार नाहीत. तिघंही आपापल्या खुर्चीवरच बसतील.’’ मला रस्त्यातच बसावंसं वाटलं. सान्यालबाबूंचं पूर्ण वाक्य मला फार नंतर कळलं. ते म्हणाले होते, ‘‘ठीक आहे, चहा आम्ही खुर्चीवरच घेऊ. पण पंच म्हणून बसलेलो नसू.’’ निताईदांनी मला अर्धंच वाक्य दिलं. त्यांना मी दोष देत नाही. मला पुरं ऐकायचंही नव्हतं.

सामन्याच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पडद्यामागे परदेशी खेळाडू तयारी करत होते. अवाढव्य माणसं, पण बारजवळ जाताना देवळात जावं तशी हळू. त्यांचे प्रशिक्षक माझे तळहात उलटे करून घट्टे बघून गेले. मध्यंतर सुरू झालं. निवेदकानं जाहीर केलं, ‘‘एबार एकटु मनोरंजन.’’ आता थोडी करमणूक. माझं नाव त्यानंतर घेतलं.

समितीत चांगल्या दिवशीच वर जायचं तेवढं वजन मी लावायला सांगितलं होतं. निताईदा नको म्हणत होते. पण तीन पंच समोर बसलेले असताना सोपं वजन उचलायचं म्हणजे काय? मी हाताला खडू चोळला आणि मंचावर गेले. तिघं खुर्च्यांवर होते. हातात चहाचे कप होते. मला वाटलं, उचलायला लागल्यावर ठेवतील.

बार खांद्यावर आला तो छान आला. श्वास घेतला, गुडघे दुमडले, फेकला. वर जाताना बार किंचित उजवीकडे गेला. मी सावरला. पाय जुळवले, स्थिर झाले. टाळ्या सुरू झाल्या. मी सान्यालबाबूंच्या हाताकडे बघत होते. त्या हातात कप होता.

इशारा होईना. मी थांबले. इशाऱ्याशिवाय बार खाली टाकायचा नाही हे हाडात गेलेलं. आणि त्या क्षणी तर मी टाकलाच नसता. मी स्वतःहून टाकला तर ते प्रदर्शन. त्यांनी सांगितल्यावर ठेवला तर ती उचल. एवढाच काय तो फरक, आणि त्यासाठीच मी आले होते.

टाळ्या विरल्या. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग असेल, ही किती वेळ धरते ते बघायचं. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, या वेळी तालात. बाजूला निताईदा ओरडत होते, ‘‘फेले दे, इंदू, फेले दे.’’ टाकून दे. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. खांद्यात सुया, मग जाळ, मग काहीच नाही. पडद्याजवळ परदेशी खेळाडूंपैकी एक जण येऊन उभा राहिला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो पंचांकडे बघत होता, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे, आणि हे बसून का राहिलेत ते त्याला समजत नव्हतं.

मग सान्यालबाबूंनी कप खाली ठेवला, उभे राहिले आणि हात खाली केला.

मी बार ठेवला. टाकला नाही, ठेवला. ठेवताना उजव्या खांद्यात काही तरी फाटल्याचं जाणवलं, कापड फाटावं तसं. हॉलमध्ये गोंधळ चालला होता. मी मान वळवून दिव्यांच्या फळ्याकडे बघितलं. तिन्ही दिवे विझलेले होते. ते लावायला कुणी बसलंच नव्हतं.

तो खांदा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. हात गळ्यातल्या झोळीत घेऊन मी शाळेत नुसत्या शिट्टीवर ड्रिल घ्यायची. पुढे बायकांच्या स्पर्धा सुरू झाल्या, मुली परदेशी जाऊन पदकं आणायला लागल्या. तोवर मला वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढायची सवय झाली होती. हेवा वाटला का म्हणून विचारतात. वाटला. अजूनही वाटतो. टीव्हीवर मुलींचा सामना लागला की मी उचल पूर्ण बघते आणि दिवे लागायच्या वेळी उठून पाणी प्यायला जाते.

पण मी सांगत होते त्याच हिवाळ्याचं. सामन्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी, सान्यालबाबू आमच्या क्वार्टरमध्ये आले. आईला ते कोण हे कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता दारातूनच परत पाठवते. पण तिनं पाटावर चिवड्याची बशी ठेवली, चहा आणला आणि मराठीतून, त्यांना कळणार नाही अशा बेतानं, म्हणाली, ‘‘पोरीचा हात मोडला तेव्हा चहाच पीत होता ना हा?’’ बाबांनी तिला आत जायला सांगितलं. ती दारात उभी राहिली.

सान्यालबाबूंनी आणलेला संदेश मिठाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. चिवडा खाल्ला नाही, चहाला हात लावला नाही. मग माझ्या झोळीकडे बोट करून म्हणाले, ‘‘उजवं कोपर.’’

‘‘काय?’’

‘‘एका दमात सरळ झालं नाही. वर जाताना वाकलं. मग तू ढकललंस.’’ त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवलं, कुडत्याच्या बाहीतला म्हातारा हात. ‘‘बघायचं नाही असं मी ठरवून बसलो होतो. पण समोर बार वर जातो तेव्हा डोळे ऐकत नाहीत. लाल.’’

ते बरोबर होते. त्या क्षणापासून मला आत कुठं तरी ते ठाऊक होतं आणि मी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

‘‘बाकीचे दोघं?’’ मी विचारलं.

‘‘विचारलं मी त्यांना. उजवीकडच्यानं बघितलंच नव्हतं. तो बिस्कीट बुडवत होता. डावीकडच्यानं बघितलं. तोही लाल म्हणतो.’’ ते पुढे म्हणाले, ‘‘दोन लाल. म्हणजे निकाल झाला. इतकी वर्षं पंच आहे, निकाल कधी पोटात ठेवला नाही. म्हणून आलो.’’

मग उठता उठता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, ‘‘चूक दिसली की पंचानं उचल तिथंच थांबवायची असते. लाल दिसल्याबरोबर मी हात खाली करायला हवा होता. पुरुष असता तर केला असता. तू तेवढा वेळ धरून ठेवलंस, ते माझ्यामुळे.’’ माफी मागितली नाही. दाराशी चपला घातल्या, बाबांना नमस्कार केला आणि बसच्या दिशेनं निघून गेले.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, पुढे कित्येक वर्षं येत राहिला. खांदा दुखला की अजून येतो. पण त्या सकाळी रागाच्या आधी दुसरंच काही तरी आलं. मी बसल्या जागी हसायला लागले. खांदा हलून कळ येत होती आणि हसू थांबत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आई दारातून पुढे आली. ‘‘काय म्हणाला तो?’’

‘‘नापास केलं मला.’’

‘‘मग हसायला काय झालं एवढं?’’

‘‘दोघांनी बघितलं, आई,’’ मी म्हटलं. ‘‘दोघांनी नीट बघितलं.’’